पुन्हा येणारा माणूस

(तिरोडा येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांचे आयुष्य सरकारी दवाखान्यांच्या लॅबमध्ये गेले. रिपोर्टवर सही डॉक्टरची असते. पण किटवर उमटलेली फिकट रेघ आधी ज्याच्या डोळ्यांना दिसते, त्या टेक्निशियनचे नाव पेशंटला ठाऊकही नसते. कुटुंबीयांनी विषय माझ्यावर सोपवला, म्हणून मी त्यांच्या टेबलावरचाच विषय घेतला आहे. एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता ज्यांच्या बाबतीत इतरांपेक्षा जास्त असते, त्या माणसांची रक्ततपासणी कशी होते आणि कशी व्हायला हवी, यावर मी बोलणार आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. या तपासणीत माणूस एकदा येऊन भागत नाही. त्याला पुन्हा यावे लागते. कधी तीन आठवड्यांनी, कधी तीन महिन्यांनी, कधी कडेवर मूल घेऊन. ज्याला धाकाने किंवा फसवून आणले तो पुन्हा येत नाही, आणि तो पुन्हा आला नाही की उत्तमातल्या उत्तम लॅबचाही निकाल अर्धवट राहतो. जबरदस्ती अन्यायाची असते हे आपण मानतोच; ती लॅबचे कामही बिघडवते, हे मला आज दाखवायचे आहे.

थोडे विज्ञान आधी. आपल्या पेशींत मजकूर डीएनएमधून आरएनएकडे उतरतो. रेट्रोव्हायरस हा प्रवास उलटा करतो. तो स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो आपल्या पेशीच्या डीएनएत शिवून टाकतो. हे उलटे काम करणारे विकर १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळे राहून शोधले. माणसात रोग निर्माण करणारा पहिला रेट्रोव्हायरस, एचटीएलव्ही-१, १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेतून जाहीर झाला. एचआयव्ही १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि लुक माँतान्ये यांच्या गटाला सापडला. मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत रक्ततपासणीच्या पहिल्या एलायझा किटला परवाना मिळाला. एवढ्या वेगाने रोगापासून चाचणीपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे तोवर फार नव्हती.

विषाणू पेशीच्या डीएनएत शिरून बसतो, म्हणून एकदा झालेली लागण आजच्या औषधांनी पुसता येत नाही. मात्र ती दाबून ठेवता येते, इतकी की रक्तात विषाणू मोजण्याएवढाही उरत नाही, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. यासाठी लागण झाली आहे हे आधी कळावे लागते. या रोगात चाचणी हा उपचाराचा दरवाजा आहे.

आपल्या देशात हा दरवाजा १९८६ मध्ये मद्रासला उघडला. तो कसा उघडला, हे सावकाश पाहण्यासारखे आहे. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सॉलोमन सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. त्या मूळच्या महाराष्ट्रीय. त्या माहेरच्या गायतोंडे. त्यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी एचआयव्हीचा विषय दिला. भारतात हा विषाणू आहे, असे तेव्हा कुणी मानत नव्हते. निर्मलांनी देहविक्रीच्या कायद्याखाली सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांचे रक्त गोळा केले. हातमोजे नव्हते. सीरम वेगळे करायला धड सोय नव्हती. नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. मद्रासमध्ये एलायझाची सोय नसल्याने त्या नवऱ्याला सोबत घेऊन बर्फात ठेवलेले नमुने रात्रीच्या गाडीने वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घेऊन गेल्या. तिथे डॉ. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत काही खळग्यांतले द्रावण पिवळे झाले. पिवळा रंग म्हणजे लागण. असे सहा नमुने निघाले. पुढे अमेरिकेत वेस्टर्न ब्लॉट ही पडताळणीची चाचणी करून त्या निकालांची खात्री झाली.

या दोन्ही स्त्रियांचे धाडस मोठे आहे आणि देशावर त्यांचे उपकार आहेत. तरी हेही सांगायला हवे की ज्यांच्या दंडातून ते रक्त आले, त्या स्त्रियांना ते कशासाठी घेतले जात आहे हे सांगितलेले नव्हते. निर्मलांनी ही गोष्ट नंतर स्वतःच मोकळेपणाने सांगितली आहे. त्या स्त्रियांना वाटले, नेहमीची गुप्तरोगाची तपासणी असेल. त्या काळी संमती विचारण्याची पद्धत नव्हती, एवढेच म्हणून पुढे जाता आले असते. पण निकालानंतर काय झाले ते पाहा. लागण असलेल्या स्त्रियांना शिक्षेचा काळ संपल्यावरही डांबून ठेवण्यात आले. १९९० मध्ये श्यामला नटराज या पत्रकार स्त्रीने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्या सुटल्या. आपल्या देशात या चाचणीची पहिली ओळख ज्यांना झाली, त्यांना ती कुलपासकट झाली.

आता लॅबमध्ये जाऊ.

लागण झाली त्याच दिवशी रक्त घेतले तर कोणतीच चाचणी काही सांगणार नाही. बांधीत परे टाकल्यावर पहिले काही दिवस चिखलाशिवाय काही दिसत नाही, तसेच हे आहे. विषाणू शरीरात वाढत असतो, पण आपण ज्या खुणा शोधतो त्या अजून उगवलेल्या नसतात. याला आमच्या भाषेत विंडो पिरियड म्हणतात. आपल्या केंद्रांत वापरतात ती रॅपिड टेस्ट विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रतिपिंड शोधते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेले आकडे असे: केवळ प्रतिपिंड पाहणाऱ्या चाचणीला लागण ओळखायला २३ ते ९० दिवस लागतात. प्रतिपिंडाबरोबर विषाणूचे पी-२४ हे प्रथिनही पाहणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला १८ ते ४५ दिवस. विषाणूचा आरएनए थेट शोधणाऱ्या नॅट चाचणीला १० ते ३३ दिवस. दहा दिवसांच्या आत कुणालाच काही कळत नाही.

पुण्याला भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये उभी राहिली. तिथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर याच काळावर महत्त्वाचे काम केले. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या, आणि प्रतिपिंडाच्या चाचणीत निगेटिव्ह आलेल्या लोकांच्या रक्तात त्यांनी पी-२४ शोधले. काहींच्या रक्तात ते सापडले. म्हणजे ज्यांच्या हातात निगेटिव्ह कागद गेला असता, त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात त्याच क्षणी विषाणू सर्वांत जास्त प्रमाणात होता आणि त्यांच्याकडून दुसऱ्याला लागण होण्याचा धोकाही सर्वांत जास्त होता. १९९७ मध्ये हे काम अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आले.

याचा व्यवहारातला अर्थ असा की जोखमीत असलेल्या माणसाला निगेटिव्ह रिपोर्ट देताना समुपदेशकाने एक वाक्य म्हणावेच लागते: तीन महिन्यांनी पुन्हा या. हे वाक्य लॅबच्या कामाचाच भाग आहे. ते ऐकून माणूस खरोखर परतला तरच पहिल्या कागदाला किंमत.

दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे: लागण नसताना रेघ उमटण्याची. इथे थोडे गणित करतो, कंटाळा करू नका. समजा एक किट इतके चांगले आहे की लागण असलेला एकही माणूस त्यातून सुटत नाही, आणि लागण नसलेल्या शंभरांपैकी फक्त एकालाच ते चुकून रिअॅक्टिव्ह दाखवते. देशात प्रौढांमधले एचआयव्हीचे प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. सर्वसाधारण १०,००० लोक तपासले तर २० जणांना खरी लागण असेल. ती वीसही सापडतील. पण उरलेल्या ९,९८० पैकी जवळजवळ १०० जणांनाही हे किट रिअॅक्टिव्ह म्हणेल. एकूण रिअॅक्टिव्ह १२०, त्यांत खरे २०. सहांतला एक. या एका किटवर विसंबून रिपोर्ट दिला तर दर सहांमागे पाच निरोगी माणसांच्या घरात वीज कोसळेल.

आता तेच किट जोखमीच्या गटांत वापरा. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये प्रमाण सुमारे १.६ टक्के आढळले होते. १०,००० स्त्रियांमध्ये खऱ्या १६०, खोट्या रेघा ९८. रिअॅक्टिव्ह आलेल्या शंभरांतल्या बासष्ट खऱ्या. त्याच पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये प्रमाण सुमारे ६.३ टक्के होते. तिथे शंभरांतले सत्त्याऐंशी खरे. किट तेच, टेक्निशियन तोच, टेबल तेच. समोर कोण बसले आहे त्यावर एकाच रेघेचा अर्थ बदलतो.

म्हणून एका रेघेवर कुणालाही पॉझिटिव्ह म्हणायचे नाही, असा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, म्हणजे नॅकोचा दंडक आहे. लक्षणे नसलेल्या माणसाच्या रक्तावर तीन वेगवेगळ्या बनावटीची किटे लावतात. पहिले किट असे निवडतात की लागण असलेला माणूस निसटू नये. ते रिअॅक्टिव्ह आले तरच दुसरे आणि तिसरे, आणि ती अशी निवडतात की निरोगी माणूस अडकू नये. तिन्ही रिअॅक्टिव्ह आली तर पॉझिटिव्ह. पहिली दोन रिअॅक्टिव्ह आणि तिसरे नाही, असे झाले तर निकाल अनिश्चित, आणि दोन ते चार आठवड्यांनी नवे रक्त. पुन्हा तेच: माणसाने परत यायला हवे. आणि हे चौदा ते अठ्ठावीस दिवस कसले असतात, याची कल्पना करा. ज्याने आपल्याला इथे पोहोचवले त्याच्याविषयी मनात थोडासाही संशय असेल, तर कोण परत येईल?

जाता जाता टेबलावरच्या दोन गोष्टी सांगतो. पहिली उन्हाची. बहुतेक रॅपिड किटे ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवायची असतात. तिरोड्याच्या मे महिन्यात खोलीतही पारा त्याच्या वर जातो. फ्रिज चालू ठेवणे, त्याचे तापमान रोज दोनदा वहीत लिहिणे आणि वीज गेली तर किटे हलवणे हे लॅब टेक्निशियनचे काम आहे. त्याचे कौतुक कुणी करत नाही, पण ते चुकले तर सगळेच चुकते. दुसरी गोष्ट घड्याळाची. किटच्या कागदावर छापलेल्या मिनिटांतच रेघ वाचायची. गर्दीत उशीर झाला आणि अर्ध्या तासाने पाहिले, तर वाळलेल्या पट्टीवर नसलेली रेघ दिसू शकते. शिबिरात दोनशे लोकांची रांग लावून एका टेक्निशियनला बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. जास्त नमुने म्हणजे जास्त काम, असे या खात्यात होत नाही.

आणि अनेक किटांवर एचआयव्ही-१ व एचआयव्ही-२ अशा दोन खुणा वेगळ्या का असतात? कारण एचआयव्ही-२ हा मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला विषाणू आपल्याकडेही आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या सीरममध्ये तो आढळल्याचे १९९१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. नेव्हिरपीन आणि एफाव्हिरेन्झ ही अनेक वर्षे भरपूर वापरली गेलेली औषधे त्यावर चालत नाहीत. खूण चुकीची वाचली तर औषधही चुकीचे जाते.

इतका वेळ मी जोखमीचे गट म्हणत आलो. ही नावे आपल्याला पाठ आहेत: देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, त्यानंतर लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर. पैसा आणि किटे मोजकी असतात, तेव्हा जिथे लागण जास्त तिथे आधी जाणे शहाणपणाचेच आहे. पण या यादीमुळे एक गैरसमज घट्ट झाला: यादीत नसलेला माणूस सुरक्षित.

हा समज पुण्यातच मोडला होता. डॉ. रमण गंगाखेडकर यांना तुम्ही कोविडच्या दिवसांत टीव्हीवर रोज पाहिले असेल. ते आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास करत होते. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांपैकी ४९.९ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. हा आकडा धक्कादायक असला तरी अनपेक्षित नव्हता. अनपेक्षित होते ते पुढचे. ज्या देहविक्री करत नव्हत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित होत्या. यांतल्या बहुसंख्य विवाहित होत्या आणि त्यांचा संबंध एकट्या नवऱ्याशीच आलेला होता. १९९७ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. त्या स्त्रियांना धोका त्यांच्या घरातच होता, आणि त्यांना तपासणीला बोलवावे असे कुणाच्याही यादीत लिहिलेले नव्हते. पुढे गरोदर स्त्रियांना प्रसूतिपूर्व तपासणीतच चाचणी देऊ करण्याचे धोरण आले, त्यामागे अशा अभ्यासांचे बळ आहे.

यादीचा दुसरा धोका म्हणजे ती पोलिसाच्या हातात पडू शकते. याची गोष्ट गोव्याची आहे आणि ती आपल्या लोकांना फारशी माहीत नाही. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करणारा होता. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचलले. का, हे त्याला सांगितले नाही. दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला होता, आणि गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळे डांबून ठेवण्याची तरतूद होती. त्याला म्हापशाजवळच्या, वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात एकट्याला ठेवले. चौसष्ट दिवस. त्याची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली, वकील आनंद ग्रोव्हर होते. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयाने ती तरतूद मात्र वैध ठरवली. सुटल्यावर त्याने नोकरी सोडली, बाधितांसाठी संस्था काढली आणि १९९२ मध्ये तो गेला.

या प्रकरणाकडे लोक मानवी हक्कांच्या बाजूने पाहतात, आणि ते योग्यच आहे. मी ते रक्तपेढीच्या बाजूने पाहायला सांगतो. रक्तपेढीची पहिली चाचणी किट उघडण्याच्या आधी होते: दाता फॉर्म भरतो, त्याला खासगी प्रश्न विचारतात, आणि जोखमीची गोष्ट घडली असेल तर तो आपणहून मागे सरतो. विंडो पिरियडमधला दाता पकडण्याचा हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण किट त्याला पकडू शकत नाही. पण खरे बोलल्यावर पोलीस येणार असतील, तर फॉर्मवर खरे कोण लिहील? पैशाचा मोहही असेच करतो. पैसे घेऊन रक्त देणारा आपली जोखीम लपवतो, कारण ती सांगितली तर त्याची मजुरी बुडते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात विकत रक्त घेणे बंद झाले. रक्त सुरक्षित करणारा हा निर्णय मला एखाद्या नव्या यंत्राहून कमी वाटत नाही.

कायदा हळूहळू बदलत गेला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचा खटला आला. सरकारी कंपनीत तो कायम होणार होता. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला आणि त्याचे काम गेले. नाव उघड होऊ नये म्हणून निकालात त्याला आणि कंपनीलाही फक्त अक्षरांनी संबोधले आहे. न्यायालय म्हणाले की काम करायला तो सक्षम असेल, तर केवळ लागण आहे म्हणून त्याला नाकारता येणार नाही. २०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. माहिती देऊन घेतलेली संमती असल्याशिवाय चाचणी करता येत नाही. नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. रक्तपेढीतल्या रक्ताची तपासणी आणि नाव काढून टाकलेल्या नमुन्यांची पाहणी यांना वेगळी सवलत आहे. तिरोड्यात हे मुद्दाम सांगतो, कारण इथे ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, ठेकेदारांकडे कामाला आलेली परगावची माणसे आहेत, आणि कामावर घेण्याआधी मेडिकल नावाचा एक कागद सगळीकडे मागितला जातो. त्या मेडिकलमध्ये एचआयव्हीची चाचणी मागणे बेकायदा आहे. हे कामगाराला माहीत असावे, ठेकेदाराला असावे, आणि रक्त घेणाऱ्या खासगी लॅबलाही असावे.

मग या माणसांपर्यंत पोहोचायचे कसे? महाराष्ट्रानेच याचे एक उत्तर दिलेले आहे. सांगलीत मीना शेषू यांनी १९९२ मध्ये संग्राम संस्थेतून देहविक्री करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले. निरोध वाटण्याचे काम त्या स्त्रियांनीच हातात घेतले. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद. दवाखान्यात कसे वागवले जाते, कुठे थांबवून ठेवतात, कोण नाव मोठ्याने पुकारते, याचा जाब या स्त्रिया एकजुटीने विचारू लागल्या. आरोग्य खात्याला ज्यांच्यापर्यंत जायचे होते, त्या स्त्रियांनी आपल्या अटी ठरवल्या. मला यात एक साधी गोष्ट दिसते. ओळखीची बाई सोबत असेल तर नवी मुलगी चाचणीला येते, आणि तीच बाई तीन महिन्यांनी तिला आठवणही करून देते. हे काम नोटिशीने होत नाही.

तिरोड्यात या सगळ्याचा काय संबंध, असे कुणी विचारेल. मी तीन ठिकाणे सांगतो.

पहिले रेल्वे स्टेशन. धान निघाले की या भागातली तरुण मुले बाहेरगावी कामाला जातात. एकटी राहतात, महिनोन्‌महिने. नॅकोच्या यादीत एकट्याने राहणारा स्थलांतरित मजूर आहे तो याच अर्थाने. त्याच्या चारित्र्यावर तो शेरा नाही. तो दिवाळीला किंवा होळीला गावी येतो, आणि दवाखाना त्याच सणाच्या दिवसांत बंद असतो. सरकारी चाचणी केंद्र सकाळी उघडते, दुपारनंतर आवरते. मजूर गावी असतो त्या आठवड्यांत ते संध्याकाळी उघडे राहिले, तर वर्षभराच्या भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा जास्त काम होईल. आणि परत जाताना त्याच्याजवळ दुसऱ्या चाचणीची तारीख हवी. ती तो जिथे कामाला जातो तिथल्या केंद्रातही पुरी करू शकतो. चाचणी सगळीकडे मोफत आहे, १०९७ या क्रमांकावर माहितीही मोफत मिळते.

दुसरे ठिकाण बाळंतपणाची खोली. आईला लागण असेल आणि काहीच केले नाही, तर बाळाला लागण होण्याची शक्यता जागतिक आरोग्य संघटना १५ ते ४५ टक्के सांगते. औषधे वेळेवर दिली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. पण बाळाची तपासणी आईसारखी करता येत नाही. आईचे प्रतिपिंड वारेतून बाळाच्या रक्तात आलेले असतात आणि दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. निरोगी बाळही रॅपिड टेस्टवर रिअॅक्टिव्ह दिसते. म्हणून सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब जाड गाळणकागदावर घेतात, वाळवतात आणि पाकिटात घालून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात; तिथे विषाणूचा मागच शोधतात. वाळलेल्या थेंबाला बर्फ लागत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि रस्त्यांवर याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. पण निकाल काही दिवसांनी येतो आणि पक्का निर्णय अठराव्या महिन्यात होतो. तोवर त्या आईला किती वेळा यायचे आहे, मोजा. पहिल्याच खेपेला कुणी तिच्याकडे पाहून कुजबुजले, तर ती माहेरी निघून जाईल आणि बाळाचा माग सुटेल.

तिसरे ठिकाण रक्तपेढी, आणि यावर मला सर्वांत कळकळीने बोलायचे आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या नात्यात असतील. यांतल्या काही मुलांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावे लागते. थॅलेसेमियाच्या मुलांना तर महिन्याला. ही मुले कुठल्याही जोखमीच्या यादीत नसतात. त्यांनी काही केलेले नसते. तरी वर्षाला कित्येक अनोळखी दात्यांचे रक्त ज्याच्या अंगात जाते, त्याच्याइतकी जोखीम कुणाची? मे २०२२ मध्ये नागपूरहून बातमी आली: थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाली, त्यांतले एक मूल दगावले. राज्याच्या आरोग्य खात्याने चौकशी लावली, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोटीस काढली.

देशात प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्हीसाठी तपासणी सक्तीची आहे, आणि ती साधारणपणे एलायझाने होते. नॅट चाचणी, जी विंडो पिरियड आणखी आखूड करते, ती कायद्याने सक्तीची नाही. ती महाग आहे, तिला यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे लागतात, छोट्या रक्तपेढीला ती एकटीने परवडत नाही, हे सगळे मला मान्य आहे. पण नमुने एका मोठ्या केंद्रात पाठवून तपासता येतात. पिशवी इथेच राहते, नळी तेवढी जाते. निदान ज्या मुलांना आयुष्यभर रक्त घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी राखलेल्या पिशव्यांना ही तपासणी आधी मिळावी. सिकलसेलसाठी केंद्राने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे; शाळांतून मुलांचे रक्त तपासले जात आहे. आजार शोधण्यावर एवढा खर्च होतो, तर त्या आजारावर द्यायच्या रक्तावरही व्हायला हवा. गोंदिया जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे, आपल्या लोकप्रतिनिधींकडे आणि नागपूरच्या मोठ्या रक्तपेढ्यांकडे ही मागणी तिरोड्यातून लेखी जावी, असे मी सुचवतो.

आणि रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. जयंतीला, वाढदिवसाला, निवडणुकीच्या तोंडावर शंभर पिशव्यांचा आकडा गाठायचा म्हणून पोरांना ओढून आणू नका. मित्रांच्या घोळक्यात बसलेला मुलगा फॉर्मवरच्या प्रश्नाला खरे उत्तर देत नाही. त्याला फॉर्म भरायला वेगळी खुर्ची द्या, पडदा लावा, आणि रक्त न देता तो उठून गेला तर कुणी त्याला हाक मारून कारण विचारू नये, एवढे पाहा. रक्त देऊन गेल्यावरही त्याला फोन करून, माझी पिशवी वापरू नका, असे सांगता यावे. अनेक चांगल्या रक्तपेढ्यांत तशी सोय असते, तुमच्या शिबिराला येणाऱ्या रक्तपेढीला ती आहे का ते आधी विचारा, आणि तो क्रमांक प्रत्येक दात्याच्या हातात चहाच्या कपाबरोबर द्या.